पिशवी रिकामी राहिली तो दिवस

“मोठं आतडं पूर्ण काढावं लागेल,” असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मी त्यांच्याकडे बघतच नव्हते. त्यांच्या टेबलावर माणसाच्या पोटाचा एक प्लास्टिकचा नमुना होता. समजावून सांगायला त्यांनी त्यातलं मोठं आतडं उचलून बाजूला ठेवलं. नमुन्यात तेवढी जागा मोकळी झाली. मी त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिले.

“मग संडास कुठून व्हायची?” ह्यांनी विचारलं. हे म्हणजे माझे मालक, शिवराज.

डॉक्टरांनी स्वतःच्या शर्टावर, बेंबीच्या उजव्या अंगाला जरा खाली, बोट ठेवलं. “इथून. लहान आतड्याचं टोक इथं बाहेर काढायचं आणि त्याच्यावर पिशवी लावायची.”

“किती दिवस?”

“कायम.”

बिदरच्या दवाखान्यातली ही गोष्ट. बाहेरच्या बाकावर लोक नंबरची वाट बघत बसले होते, कुणीतरी कन्नडमध्ये फोनवर कापसाबद्दल बोलत होतं. मी बाहेर आले तरी ते बोलणं तसंच चालू होतं. मला त्या माणसाचा राग आला. माझं पोट फाडायचं ठरलं होतं आणि ह्याला कापसाचं पडलेलं.

माझं नाव सुवर्णा. आमचं गाव हुलसूर. ज्वारीच्या कडक भाकरी करून विकायचा माझा धंदा आहे. माझ्याबरोबर रुक्मिणीअक्का भाकरी थापतात. त्या धनगराच्या घरच्या, वयानं माझ्याहून मोठ्या. आमच्या भाकरी बिदरला जातात, उदगीरला जातात, लग्नसराईत तर चूल थंड होत नाही. हे मुद्दाम सांगतेय, कारण पिशवीचं नाव काढल्यावर माझ्या मनात पहिला विचार मरणाचा आला नाही. पोटावर घाणीची पिशवी बांधलेल्या बाईच्या हातची भाकरी कोण खाणार, हा आला.

आजाराचं नाव अल्सरेटिव्ह कोलायटिस. म्हणजे मोठ्या आतड्याला आतून जखमा होतात, त्या भरत नाहीत, रक्त पडत राहतं. मला कितीतरी दिवस रक्त पडत होतं आणि मी मूळव्याध समजून झाडपाल्याचं औषध घेत होते. मग वजन उतरलं. भाकरी थापताना मध्येच उठून पळावं लागायचं. शेवटी कोलोनोस्कोपी झाली, म्हणजे कॅमेरा लावलेली नळी खालून आत घालून आतडं बघतात ती तपासणी. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. आतड्याचा बारीक तुकडा काढून कलबुर्गीला पाठवला, त्याला बायोप्सी म्हणतात. तिचा रिपोर्ट आला की पेशी बिघडायला लागल्यात. कॅन्सर अजून झाला नव्हता, पण ठेवलं तर होण्याची भीती मोठी होती.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सिस्टर पेन घेऊन आल्या. म्हणाल्या, “साडी नेहमीसारखी नेसा आणि कामाला बसता तशा बसा.” मी पलंगावर मांडी घालून, परातीपुढं बसते तशी पुढं वाकले. पोटाला कुठं वळी पडते, परकराची नाडी कुठं येते, ते बघून त्यांनी एक गोल काढला. वळीत किंवा नाडीखाली आतडं आलं तर पिशवी चिकटत नाही म्हणून. तो निळा गोल घेऊन मी दिवसभर हिंडले. पाणी प्यायला उठले तरी हात तिथं जायचा. इथं उद्या भोक पडणार.

थिएटरमध्ये नेताना गळ्यातलं इष्टलिंग काढावं लागलं. आम्ही बसवण्णांना मानणारी माणसं, लिंग अंगावेगळं करत नाही. ह्यांनी ते धुतलेल्या रुमालात घेतलं आणि छातीशी धरून बाहेर बसले, असं सासूबाईंनी नंतर सांगितलं.

शुद्धीवर आल्यावर मी पोटाकडे बघितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सिस्टर पिशवी रिकामी करायच्या तेव्हा मी खिडकीकडे तोंड करायची. वासानं मळमळायचं, आणि तो वास आपलाच आहे हे आठवून जास्त मळमळायचं. पहिल्यांदा ह्यांनी बघितलं. बघून म्हणाले, “लाल हाय. तोंडात गालाला आतून असतंय की, तसंच.”

मग मी बघितलं. पोटावर बाहेर काढलेल्या आतड्याच्या त्या तोंडाला स्टोमा म्हणतात. लाल, ओलं, आणि हलत होतं. आपल्याच अंगावर काहीतरी जिवंत बसलंय आणि ते आपलं ऐकत नाही, असं वाटलं. मी ओरडले नाही, पण ह्यांच्या मनगटावर माझ्या नखांचे वण उठले होते.

डॉक्टरांनी सांगितलं, “त्याला हात लावला तर दुखत नाही. पुसताना थोडं रक्त आलं तर घाबरू नका. पण रंग काळा किंवा जांभळा पडला तर त्याच दिवशी या.” झालं, मला भीतीला जागाच मिळाली. घरी आल्यावर मी तासातासाला साडी सारून आरपार दिसणाऱ्या पिशवीतून रंग बघायची.

आता ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना घरी आल्यावरचं सांगते, कारण दवाखान्यात सगळं सोपं वाटतं.

पिशवीला एक चिकट चकती असते, तिला स्टोमाच्या मापाचं भोक कापून ती पोटाला चिकटवायची. मला धास्ती, भोक लहान झालं आणि आतडं आवळलं गेलं तर? म्हणून मी ते मोठं कापायची. लहान आतड्यातून येणारं पातळ असतं आणि त्यात अन्न जिरवणारा रस असतो, तो चामडीही जिरवायला बघतो. उघड्या राहिलेल्या कडेवर तो लागला, चामडी लालेलाल झाली, पाणी सुटायला लागलं. ओल्या जागी चकती चिकटेना, चकती सुटली की आणखी गळायचं, गळालं की आणखी सोलायचं. अंगणात बसले असताना साडी ओली झाल्याचं कळायचं आणि मी आत पळायची.

डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, “सुरुवातीला स्टोमा सुजलेला असतो, हळूहळू लहान होतो. दर वेळी माप घ्या. कडेला अगदी थोडी जागा सोडा, बास.” कोमट पाण्यानं धुवायचं, तेल-साबणाचा अंश ठेवायचा नाही, पूर्ण कोरडं करायचं, सोललेल्या जागी त्यांनी दिलेली पावडर लावून जास्तीची झटकायची आणि मगच चकती. मी पिशवी सकाळी उठल्यावर, चहाच्याही आधी बदलते. तेव्हा आतडं शांत असतं. बदलायच्या वेळी ते वाहायला लागलं तर रडू येतं, विश्वास ठेवा.

उन्हाळ्यात आमच्याकडे पत्र्याखाली जीव नको होतो. पिशव्या तिथं ठेवल्या तर चकतीचा गोंद मऊ पडतो, म्हणून आम्ही त्या माजघरात, माठाच्या बाजूला ठेवल्या. पिशवी पूर्ण भरू द्यायची नाही, तिसरा हिस्सा भरली की रिकामी करायची, नाहीतर वजनानं चकती ओढली जाते. वास म्हणाल तर, चकती नीट बसलेली असेल तर बाहेर येत नाही. आला तर समजायचं कुठंतरी सुटलंय. पण हे समजायच्या आधी कितीतरी महिने मी लोकांच्या नाकाकडे बघत जगले. कुणी पदर तोंडाला लावला, कुणी शिंकलं, तरी माझं काळीज लक्कन हलायचं.

मग मी एक मार्ग काढला. खायचंच नाही. पोटात गेलं नाही तर पिशवीत येणार नाही. पाणीही कमी केलं. पिशवी तरीही रिकामी राहायची नाही, वाऱ्यानं फुगायची, पाणी यायचं. पोटऱ्यांत गोळे यायला लागले, उठलं की डोळ्यांपुढं अंधारी, लघवी गडद पिवळी. एके दिवशी न्हाणीच्या उंबऱ्यावर पडले. सलाईन लावताना डॉक्टर पहिल्यांदाच माझ्यावर रागावले. “मोठं आतडं पाणी आणि मीठ शोषून घेतं. ते तुमच्याकडे नाही. तुम्ही पाणी तोडलंत तर किडनी जाईल. आणि नुसतं पाणी ढोसूनही भागणार नाही, मीठ-साखर पाहिजे.” तेव्हापासून ओआरएसची पाकिटं आणि मीठ घातलेलं ताक मला चुकत नाही.

घरात गळ्यात लिंग बांधायचं मी सोडून दिलं होतं. ते रुमालात गुंडाळून देवळीत ठेवलेलं. पूजेच्या वेळी मी दाराबाहेर बसायची. सासूबाईंनी बरेच दिवस काही म्हटलं नाही. एके सकाळी मात्र त्या रुमाल घेऊन माझ्याजवळ आल्या.

“कामून बांधत न्हाईस?”

“आत्या, पोटावर घाण घेऊन कसं बांधू? सारखी व्हायलीय. थांबत न्हाई.”

“अन् आमच्या पोटात काय अत्तर हाय का?” त्या खाली बसल्या. “आपल्यात इटाळ पाळत न्हाईत. बाळंतपणाचा न्हाई, मरणाचा न्हाई, पाळीचा न्हाई. आन् तू नवाच काढायलीस व्हय?”

त्यांनी स्वतःच्या हातानं दोरा माझ्या गळ्यात घातला. गाठ लवकर बसेना. मी मान खाली घालून बसले आणि त्या गाठ मारत राहिल्या.

तरी बाहेरच्या लोकांची भीती गेली नाही. मी भाकरीला परत बसले, पण पिशवीचं माहेरी किंवा रुक्मिणीअक्कांनाही सांगितलं नाही. “आतड्याचं ऑपरेशन झालंय, जड उचलायचं न्हाई,” एवढंच सांगितलं. पोटाला जोर पडून स्टोमाच्या बाजूनं हर्निया होऊ शकतो, म्हणजे आतडं चामडीखाली फुगून येतं, म्हणून पिठाचं पोतं त्या उचलायच्या. मी रुंद पट्टा बांधायची. पोटातून गुडगुड आवाज आला की मुद्दाम भाकरी जोरात थापायची. त्यांनी एकदा विचारलं, “सुवर्णा, तू सारखं पोट कामून चाचपतीस?” मी म्हटलं, टाके ओढतात.

थंडीत माझ्या भावानं औरादला शेतात हुरड्याला बोलावलं. रुक्मिणीअक्काही आमच्याबरोबर आल्या. आजारानंतर मी पहिल्यांदाच बाहेर खायला बसले होते. गरम हुरडा, शेंगदाण्याची चटणी, ओल्या शेंगा. डॉक्टरांनी सांगितलेलं होतं की ज्याचा चोथा राहतो ते थोडं खा, आणि तोंडात पीठ होईपर्यंत चावा. पण सगळे हसत होते, वहिनी वाढत होती, आणि मला वाटलं, आज मी आजारी नाही. मी मुठी भरभरून खाल्लं.

दुपारी बेंबीजवळ कळ आली. गेली. परत आली, जास्त जोरात. मी बाभळीच्या आडोशाला जाऊन बघितलं. पिशवी रिकामी होती.

माझ्या जन्मात मी इतकी कशाला भ्याले नव्हते. जी पिशवी रिकामी राहावी म्हणून मी उपाशी राहिले होते, ती खरंच रिकामी होती आणि माझे हात गार पडले होते. स्टोमा सुजून फिकट झालेला. मी खाली बसून पोट चोळलं, गुडघे पोटाशी घेतले, कुशी बदलल्या, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं. काही आलं नाही. मग उलटी झाली.

सगळे धावत आले. वहिनी घाबरून म्हणाली, “गच्च झालंय पोट. एरंडेल द्या, मोकळं होतंय.” कुणीतरी जवळच्या वस्तीवरून बाटलीही आणली. मला बोलवत नव्हतं. पण ऑपरेशननंतर डॉक्टरांनी एक गोष्ट ह्यांच्याकडून वदवून घेतली होती, की काहीही होवो, जुलाबाचं औषध द्यायचं नाही. वाट बंद असताना मागून जोर लावला तर आतडं फुटू शकतं. हे बाटलीच्या आणि माझ्या मध्ये उभे राहिले.

“का न्हाई? पोट फुगायलंय तिचं!” भाऊ ओरडला.

ह्यांना नीट समजावता येईना. ते अडखळायला लागले, माझं गुपित फोडावं की नाही म्हणून माझ्याकडे बघायला लागले. तेव्हा मीच साडी बाजूला केली. सगळ्यांसमोर. भाऊ, वहिनी, रुक्मिणीअक्का.

“मला खालून होत न्हाई,” मी म्हटलं. “हितून होतंय. आन् आता बंद पडलंय.”

भावानं तोंड फिरवलं, मग धावत गाडी आणायला गेला. रुक्मिणीअक्का माझ्याजवळ आल्या, त्यांनी माझी साडी नीट केली आणि मला काखेत धरून उभं केलं.

औराद ते बिदर रस्ता मला अजून आठवतो. प्रत्येक खड्ड्याला मी अक्कांचा हात आवळायची. ह्यांनी डॉक्टरांना फोन लावला. उलट्या होतायत म्हटल्यावर ते म्हणाले, “तोंडानं काही देऊ नका, पाणीसुद्धा. कुठं थांबू नका.” मी मनात म्हणत होते, परत पोट फाडणार. ह्या वेळी उठणार नाही. सासूबाईंना सांगून आले नाही. कळ ओसरली की बाहेर बघायची, शेतांत माणसं कामं करत होती, उन्हं कलली होती. कळ आली की काही दिसायचं नाही.

दवाखान्यात एक्स-रे काढला. नाकातून पोटात नळी घातली, सलाईन लावलं. डॉक्टरांनी हातमोजा घालून स्टोमातून बोट घातलं आणि मग एक बारीक मऊ नळी सरकवून कोमट सलाईन थोडं थोडं आत सोडत, बाहेर घेत राहिले. “अडकलेलं सैल व्हायला हवं. नाही झालं तर आत जावं लागेल,” ते म्हणाले. आत जावं लागेल म्हणजे काय, ते मला कळलं. मी छताकडे बघत पडले. ह्यांचा हात माझ्या कपाळावर होता आणि घामानं ओला झाला होता.

बराच वेळ नुसतं पाणी परत येत होतं. मग चार दाणे आले. डॉक्टर वाकून बघायला लागले. मग एक गुठळी आली, हुरड्याची, जशीच्या तशी, आणि तिच्यामागं वाट मोकळी झाली. वास खोलीभर पसरला. सिस्टर हसल्या. ह्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि हुंदका दिला. पिशवी भरताना बघून मी रडत होते, आणि ते दुःखाचं रडू नव्हतं.

त्यानंतर सगळं गोड झालं असं सांगितलं तर ते खरं नाही. गोष्ट फुटायची ती फुटली. भालकीच्या एका घरानं लग्नाच्या भाकरी दुसरीकडे सांगितल्या. गावातली एक बाई, जी आठवड्याच्या आठवड्याला भाकरी न्यायची, ती आता आमच्या दारावरून पुढं जाते. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी चूल विझवून आत जाऊन बसले. रुक्मिणीअक्का माझ्या मागं आल्या.

“मला कामून सांगितलं न्हाईस इतके दिवस?”

“तुमी काम सोडताल म्हणून.”

“पोतं उचलायला लावलीस तवा बरं काम सोडलं न्हाई!” त्या रागानं म्हणाल्या. मग माझ्या शेजारी बसल्या. “ऊठ. हात धुऊन यायचं आन् बसायचं. जे खातेत त्यांच्यासाठी तरी थापू.”

खाणारे बरेच राहिले. मी अजूनही भिते. पिशवी काही वेळ रिकामी राहिली की माझा हात तिथं जातो. लांबच्या बसमध्ये बसायचं तर हातातल्या झोळीत पिशवी बदलायचं सगळं सामान घेते, भोक आधीच कापून ठेवते, आणि तरी दाराजवळची जागा बघते. काही गोळ्या न विरघळता सबंध बाहेर पडतात, मग लागू होत नाहीत, म्हणून नवीन औषध देणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला आधी सांगते की मला मोठं आतडं नाही. पूर्वी हे सांगायचं मी टाळायची. आता गावाचं नाव सांगावं तसं सांगते.

मध्यंतरी तपासणीला बिदरला गेले होते. डॉक्टर म्हणाले, “बाहेर कमठाण्याची एक बाई बसलीय. तिचं परवा ऑपरेशन आहे. ती कुणाशी बोलत नाही. तुम्ही बोलाल का?”

ती बाई माझ्यापेक्षा लहान होती. भिंतीकडे तोंड करून बसलेली. शेजारी तिचा नवरा, काय करावं ते न कळून तिची चप्पल नीट लावत होता. मी तिला माझं नाव, गाव सांगितलं. मलाही हेच झालंय म्हटलं. ती हलली नाही. मग मी तिला सिस्टरांच्या खोलीत नेलं, दार लावलं आणि विचारलं, “बघतीस का?”

तिनं मान हलवली, हो का नाही ते कळलं नाही. मी साडी सैल केली, पिशवी दाखवली. त्या दिवशी स्टोमा शांत होता, स्वच्छ लाल. ती आधी डोळे मिटून उभी राहिली. मग उघडले. पुष्कळ वेळ बघत होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता. मला माझे पहिले दिवस आठवले नाहीत, खरं सांगायचं तर मला फक्त हिनं पळून जाऊ नये एवढंच वाटत होतं.

“दुखायलंय का?”

“न्हाई.”

“रात्री झोप येती?”

“आता येती.”

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. बाहेर तिच्या नवऱ्यानं दारावर हळूच टकटक केली, तिनं ओ दिली नाही. मग माझ्या तोंडाकडे बघून तिनं विचारलं, “अक्का, जेवायला काय काय चालतंय?”

मी स्टूल ओढलं आणि तिला म्हटलं, “बस. सगळं सांगते.”